धुराने आखलेलं घर

इंग्लंडच्या केंट परगण्यात, चिडिंगस्टोन गावाजवळच्या एका खोलगट भागात १९६०च्या दशकात जलाशय बांधायचं ठरलं. बाउ बीच हे त्याचं नाव. बुडीत क्षेत्रात आलेल्या जुन्या शेतघरांमध्ये बे-लीफ नावाचं एक घर होतं. त्याचा सर्वांत जुना भाग पंधराव्या शतकाच्या सुरुवातीचा. त्याच सुमारास वेस्ट ससेक्समधल्या सिंगलटन इथे रॉय आर्मस्ट्राँग यांच्या पुढाकाराने एक खुलं संग्रहालय आकाराला येत होतं. पाडापाडीच्या तडाख्यात सापडलेली ग्रामीण घरं उचलून आणायची आणि पुन्हा उभी करायची, ही त्यामागची कल्पना. आज ते वील्ड अँड डाउनलँड लिव्हिंग म्युझियम म्हणून ओळखलं जातं. बे-लीफची रवानगी तिथे झाली. कौलं उतरवली, भिंतींतली माती काढली, लाकडी खुंट्या ठोकून बाहेर काढल्या, एकेका लाकडावर क्रमांक घातला आणि सगळं घर गाडीवर चढवून नेलं. काही वर्षांत ते नव्या जागी उभं राहिलं.

विटांचं घर हलवायचं तर ते आधी फोडावं लागतं. बे-लीफ सोडवता आलं, कारण मुळात ते जोडलेलं होतं. त्यात लोखंडी खिळ्यांवर उभा असलेला एकही महत्त्वाचा सांधा नव्हता.

अशा घराचा आकार दोन गोष्टींनी ठरवला. ओकच्या ओल्या लाकडाने सांगाडा ठरवला आणि उघड्या चुलीच्या धुराने आतली मांडणी आखून दिली. सोळाव्या शतकात धुराला धुराड्याची वाट मिळाली, तेव्हा खोल्या, मजले, खिडक्या, माणसांच्या बसण्या-उठण्याच्या जागा हे सगळंच बदललं. हा बदल लाकडांवर उमटून राहिला आहे आणि तो कसा शोधायचा हे एकदा कळलं की ही घरं बरंच काही सांगू लागतात.

सांगाडा

या घरात भिंतीवर छपराचा भार नसतो. तो सगळा लाकडी सांगाड्यावर असतो. आधी दगडांचं बुटकं जोतं, त्यावर चौफेर आडवी टाकलेली पायथ्याची तुळई आणि तिच्यात रोवलेले खांब. त्याही आधीच्या काळात खांब सरळ जमिनीत गाडत. मातीतल्या ओलीने ते बुडाशी कुजत आणि घर फार तर एक-दोन पिढ्या टिकत असे. खांब जमिनीतून उचलून जोत्यावर आणले, ही साधी वाटणारी सुधारणा पुढच्या पाचशे वर्षांच्या आयुष्याचं मूळ आहे.

खांबांच्या डोक्यावरून घराच्या लांबीला जाणारी एक तुळई असते. तिच्यावर वाशांचे पाय टेकतात. रुंदीला, समोरासमोरच्या दोन खांबांना बांधणारी दुसरी तुळई असते. ती घराच्या दोन्ही बाजू एकमेकींपासून फाकू देत नाही. खांबांच्या दोन जोड्यांमधली जागा म्हणजे एक खण, आणि घराचं मोजमाप खणांतच व्हायचं. बे-लीफ चार खणांचं आहे. मधले दोन खण दिवाणखान्याचे, दोन्ही टोकांना एकेक खण दुमजली. खांब आणि तुळई यांच्या कोनात तिरके आधार दिलेले असतात. ते बरेचदा बाकदार दिसतात, कारण त्यांसाठी मुळात वाकडी वाढलेली झाडं किंवा फांद्या निवडलेल्या असतात. कापून आणलेल्या बाकापेक्षा वाढीतून आलेला बाक मजबूत, कारण त्यात लाकडाचे तंतू तुटलेले नसतात.

या सांगाड्यातली सर्वांत हुशारीची जागा खांबाच्या डोक्याशी आहे. तिथे तीन लाकडं भेटतात: उभा खांब, लांबीची तुळई आणि रुंदीची तुळई. त्यांच्यावर वाशांचा जोर येतो. छपराचं वजन खाली तर दाबतंच, पण भिंतींना बाहेरही ढकलतं. तिन्ही लाकडं एकाच ठिकाणी खाचली, तर खांबाच्या डोक्यात लाकूडच उरणार नाही. सुतारांनी यावर तोड काढली ती झाडाकडे पाहून. झाडाचं खोड बुंध्याशी फुगलेलं असतं. त्यांनी खांब उलटा उभा केला, बुंधा वर आणि शेंडा खाली. वर आलेल्या त्या फुगीर भागाला दोन पायऱ्या पाडल्या. खालच्या पायरीवर एक कुसू, म्हणजे खाचेत बसणारी लाकडी जीभ, ठेवलं, ते लांबीच्या तुळईच्या पोटात शिरतं. मागच्या उंच पायरीवर दुसरं कुसू, ते रुंदीच्या तुळईत शिरतं. शिवाय रुंदीची तुळई लांबीच्या तुळईवर बसते तिथे पारव्याच्या शेपटीसारखी पसरट खाच असते. त्यामुळे लांबीची तुळई बाहेर सरकू पाहील तेवढी ही खाच तिला जास्त घट्ट धरते. तिन्ही लाकडं एकमेकांना अडवून बसतात. मध्ययुगात पक्का झालेला हा सांधा इंग्लिश सुतार कित्येक शतकं तसाच करत राहिले. जुन्या घरात खांब वरच्या टोकाला जाड होत गेलेला दिसला, तर आत हे सगळं दडलेलं आहे असं समजावं.

कुसू खाचेत बसलं की दोहोंतून आरपार भोक पाडून ओकची खुंटी मारायची. पण ही भोकं मुद्दाम किंचित चुकवलेली असतात. कुसवातलं भोक खाचेतल्या भोकापेक्षा थोडं कुसवाच्या बुडाकडे. खुंटी ठोकताना ती वाकत आत जाते आणि सांधा स्वतःकडे ओढून घेते.

ओला ओक

घरासाठी लाकूड वाळवून ठेवायची पद्धत नव्हती. झाड तोडायचं आणि ओलं असतानाच कामाला घ्यायचं. ओक वाळला की दगडासारखा टणक होतो, त्यावर पटाशी चालवणं जिकिरीचं. ओला असताना तो कापायला सोपा. लाकूड मग घर उभं राहिल्यावर, सांध्यांत बसलेल्या अवस्थेत हळूहळू वाळतं. वाळताना ते जाडीत आक्रसतं, पण लांबीत जवळजवळ नाहीच. म्हणून घराची उंची-लांबी फारशी बदलत नाही. मात्र तुळया पिळवटतात, उभ्या भेगा पडतात, जमिनी कलतात. जुन्या इंग्लिश घरांचा जो वाकडेपणा पाहून पर्यटक खूश होतात, त्यातला बराचसा पहिल्या काही वर्षांतला, लाकूड वाळताना आलेला असतो. त्या भेगा पाहून घर पडायला आलंय असा निष्कर्ष काढणं चुकीचं.

या घरांसाठी शतकानुशतकं वाढलेले महावृक्ष तोडले असतील, हाही एक समज. इंग्लिश वनांच्या इतिहासाचे मोठे अभ्यासक ऑलिव्हर रॅकहम यांनी सफोकमधल्या स्टँटन गावच्या ग्रंडल हाउस या सुमारे १५००च्या शेतघरातली लाकडं मोजली. त्यांच्या हिशेबाने त्या घराला सुमारे ३३० झाडं लागली होती आणि त्यातली बहुतेक लहान होती, कवेत सहज मावतील अशी. सुतार प्रत्येक लाकडासाठी काम भागेल एवढंच लहान झाड निवडत आणि ते चारी बाजूंनी तासून अख्खंच वापरत. मोठं झाड चिरून त्याचे तुकडे करण्यापेक्षा यात मेहनत कमी. म्हणूनच तुळयांच्या कडांना कधी कधी सालीखालचा गोलवा तसाच राहिलेला दिसतो.

असं लाकूड एकसारखं मिळत राहावं म्हणून रानं सांभाळली जात. झुडपं ठरावीक वर्षांनी बुडापासून छाटायची म्हणजे पुन्हा सरळ फोक फुटतात, ते कुंपणाला, जळणाला आणि भिंतींना. त्यांच्यामधून वाढणारे ओक घरांसाठी राखायचे. आठव्या हेन्रीच्या काळात, १५४३ साली, झुडपं छाटताना दर एकरी बारा झाडं वाढायला सोडावीत असा कायदाच झाला.

सांगाडा घराच्या जागेवर तयार होत नसे. सुताराच्या आवारात तो जमिनीवर आडवा मांडला जाई. रुंद पात्याच्या कुऱ्हाडीने ओंडके चौकोनी तासायचे, लागेल तिथे करवतीने उभे चिरायचे, मग एकावर एक ठेवून प्रत्येक सांधा त्या त्या जोडीपुरता आखायचा. कुठलीच दोन लाकडं तंतोतंत सारखी नसल्यामुळे एका सांध्याचं कुसू दुसऱ्या खाचेत बसेलच असं नाही. म्हणून प्रत्येक सांध्याच्या दोन्ही बाजूंना एकच क्रमांक कोरायचा. हे आकडे रोमन पद्धतीचे असत, कारण सरळ रेघा पटाशीने चटकन उमटतात. चारासाठी सरळ चार रेघा, नवासाठी पाचाच्या खुणेपुढे चार रेघा. मग सगळं सोडवून गाडीवर घालायचं आणि जागेवर नेऊन उभं करायचं. खांबाच्या डोक्याचा तो सांधा असा आहे की आधी खांब, मग लांबीची तुळई, मग रुंदीची, हाच क्रम पाळावा लागतो. म्हणजे चिडिंगस्टोनहून सिंगलटनला जाताना बे-लीफचं जे झालं, ते तसं नवीन नव्हतं. जन्मतःच ते एकदा सोडवून जोडलेलं होतं.

भिंती आणि छप्पर

सांगाड्याच्या चौकटी मग भरायच्या. वरच्या आडव्या लाकडाला खालच्या बाजूने भोकं आणि खालच्या लाकडाला खोबण. त्यांत ओकच्या उभ्या काठ्या बसवायच्या आणि त्यांच्यातून हेझल या झुडपाचे लवचिक फोक आडवे विणायचे. या विणीवर दोन्ही बाजूंनी चिकणमाती, चिरलेला पेंढा आणि शेण यांचा तुडवून केलेला गारा थापायचा. कोकणातल्या कुडाच्या भिंती ज्यांनी लिंपताना पाहिल्या आहेत, त्यांना यात समजावून सांगण्यासारखं काहीच नाही. पेंढा गाऱ्याला बांधून ठेवतो, वाळताना मोठ्या भेगा पडू देत नाही. वरून चुन्याची सफेदी. ही भिंत पावसात थोडं पाणी पिते आणि उघडीप मिळाली की सोडून देते. लाकूड आक्रसलं, हललं तरी ती तुटत नाही, थोडी वाकते. तडा गेलाच तर मूठभर गारा लावला की झालं.

केंटमधल्या या घरांचं छप्पर फार चढं असतं. भाजक्या मातीच्या लहान सपाट कौलांवरून किंवा गवतावरून पाणी लगेच ओघळायला हवं. त्या काळच्या छपरांत आढ्याची तुळई नसे. वासे जोडीजोडीने शेंड्याला एकत्र येत आणि प्रत्येक जोडीला मध्यावर एक आडवं लाकूड जखडलेलं असे. या सगळ्या आडव्या लाकडांच्या पोटाखालून घराच्या लांबीला एक दांडा जाई, आणि त्याला पेलायला रुंदीच्या तुळईच्या मधोमध एक बुटका खांब उभा असे, वर चारी दिशांना बाकदार हात फाकलेला. दिवाणखान्यात उभं राहून वर पाहिलं की नजर या खांबावर जाते. सुतारांनाही ते ठाऊक होतं, म्हणून त्याच्या बुडाशी आणि माथ्याशी घडीव नक्षी करण्याची हौस ते पुरवून घेत.

चूल मध्यभागी

बे-लीफच्या नमुन्याला अभ्यासक वील्डन घर म्हणतात. केंट, ससेक्स आणि सरे या परगण्यांत पसरलेल्या वील्ड या एकेकाळच्या रानाळ प्रदेशावरून हे नाव पडलं. अशी घरं सर्वांत दाट आहेत ती केंटमध्ये. बांधणारे होते सुस्थितीतले शेतकरी. १३४८-४९च्या महामारीने इंग्लंडची निदान एक तृतीयांश लोकसंख्या गेली. जे उरले त्यांच्या वाट्याला जमीन जास्त आली आणि मजुरीचे दर चढले. पुढच्या शंभर-दीडशे वर्षांत सरदार नसलेल्या, हाताने शेती करणाऱ्या कुटुंबांनी पहिल्यांदाच इतकी टिकाऊ घरं बांधली, की ती आजवर उभी आहेत.

समोरून पाहिलं तर दोन्ही टोकांचे वरचे मजले खालच्या भिंतीच्या पुढे आलेले दिसतात आणि मधला भाग आत राहिलेला. छप्पर मात्र एकच, सरळ. त्यामुळे मधल्या भागापुढे छपराची कड अधांतरी राहते आणि तिला खालून दोन बाकदार आधार दिलेले असतात. मजला पुढे काढण्यामागे दिमाख होताच. शिवाय पूर्ण उंचीचे लांब खांब न वापरता दोन मजल्यांना दोन आखूड लाकडं चालत, हीसुद्धा सोय होती.

मधला भाग मजल्याने अडवलेला नाही, कारण तिथे चूल आहे. जमिनीवर दगड-विटांचा एक चौथरा, त्यावर उघडा विस्तव. धुराडं नाही. धूर सरळ वर छपरात जातो, तिथे साठतो आणि आढ्याच्या टोकांना ठेवलेल्या लहान त्रिकोणी झरोक्यांतून, कौलांच्या फटींतून आणि खिडक्यांतून बाहेर पडतो. संग्रहालयात बे-लीफमध्ये विस्तव पेटवला जातो, तेव्हा हे चांगलं कळतं. लाकूड वाळलेलं असेल, दारं-खिडक्यांचा ताळमेळ नीट असेल, तर धुराचा थर डोक्याच्या वरच तरंगतो. खाली बसलेल्या माणसाला श्वास घेता येतो. दिवाणखाना छपरापर्यंत उघडा का, याचं उत्तर हा थर देतो. त्याला उंची हवी. मध्ये मजला टाकला तर धूर माणसांच्या नाकातोंडात येईल.

खिडक्यांना काच नव्हती. चौकोनी लाकडी गज कर्णावर, म्हणजे कोन बाहेर करून उभे केलेले आणि आतून झडपा. दिवाणखान्याच्या पुढच्या आणि मागच्या अशा दोन्ही भिंतींना उंच खिडक्या असत. वारा ज्या बाजूने येईल तिकडच्या झडपा लावायच्या, दुसरीकडच्या उघड्या ठेवायच्या. उजेड आणि ऊब यांतलं एकच निवडायचं, अशी ही तडजोड होती.

दिवाणखान्याच्या एका टोकाला समोरासमोर दोन दारं, पुढचं आणि मागचं, आणि त्यांच्यामधून आरपार वाट. या वाटेला लागून दोन लहान कोठ्या. एकीत पेयांची पिंपं, दुसरीत पाव आणि कोरडा शिधा. ही घराची खालची बाजू. चुलीच्या पलीकडे, वाऱ्या-वर्दळीपासून दूर, वरची बाजू. तिथे भिंतीला टेकून बाक आणि लांब टेबल, घरधन्याची बैठक. त्याच्या पाठीमागच्या दारातून खासगी खोलीत जायचं आणि तिच्यावरच्या मजल्यावर मालक-मालकिणीची झोपायची खोली. बे-लीफमध्ये त्या खोलीला भिंतीबाहेर काढलेला एक संडासही आहे. बैठकीवर कोण, बाकावर कोण आणि दाराजवळ कोण, हे न सांगता ठरलेलं असे. नोकर-गडी, पोरंबाळं, मालक सगळे एकाच विस्तवाभोवती जेवत, पण त्यांच्या जागा वेगळ्या होत्या. सुतारही हे पाळत. तुळयांची साफ, सुबक बाजू बहुधा वरच्या टोकाकडून दिसेल अशी वळवलेली असे.

रोजचा मोठा स्वयंपाक आगीच्या भीतीने अनेकदा वेगळ्या इमारतीत होई. याचं एक उदाहरण बे-लीफच्याच शेजारचं आहे. त्याच बुडीत क्षेत्रातून विंकहर्स्ट नावाची एक छोटी इमारत संग्रहालयात आणली होती. तिच्याकडे कित्येक वर्षं एक छोटं स्वतंत्र घर म्हणून पाहिलं गेलं. पुढे सांगाड्याचा पुन्हा अभ्यास झाला, तेव्हा ते एका मोठ्या घराला जोडलेलं स्वयंपाकघर असावं असं अभ्यासकांचं मत झालं. आज ते ट्यूडर काळातलं स्वयंपाकघर म्हणूनच चालवलं जातं.

धुराड्याने काय केलं

सोळाव्या शतकात ही व्यवस्था मोडू लागली. एसेक्समधल्या रॅडविंटर गावचा पाद्री विल्यम हॅरिसन याने १५७७ साली छापलेल्या इंग्लंडच्या वर्णनात गावातल्या म्हाताऱ्यांचं म्हणणं नोंदवून ठेवलं आहे. त्यांच्या हयातीत तीन गोष्टी विलक्षण बदलल्या होत्या: धुराडी फार झाली, अंथरुणं सुधारली आणि लाकडी भांड्यांच्या जागी धातूची भांडी आली. धुराड्यांचं नाव या यादीत पहिलं आहे.

बदल एकदम झाला नाही. काहींनी आधी दिवाणखान्याचा एक अरुंद पट्टा लाकडी पडदीने वेगळा काढला आणि चूल त्यात नेली. धूर तेवढ्याच पट्ट्यातून वर जाऊ लागला. काहींनी लाकडाचं आणि मातीचं धुराडं केलं. विटा स्वस्त आणि मुबलक झाल्या तसं विटांचं भक्कम धुराडं आलं. धूर त्यात कोंडला गेला आणि छपरापर्यंतची मोकळी जागा एकाएकी निरुपयोगी झाली. लगेच तिथे मजला टाकला गेला. वर झोपायच्या खोल्या, त्या चढायला जिना, खोलीखोलीला शेगडी. काच परवडू लागली आणि उजेड व ऊब यांतली जुनी तडजोड संपली. नोकर एका खोलीत, घरचे दुसऱ्या खोलीत जेवू लागले.

नवी घरं तर पहिल्यापासूनच धुराड्याभोवती बांधली जाऊ लागली. घराच्या पोटात विटांचं भलंमोठं धुराडं, त्याच्या दोन्ही बाजूंना पाठीला पाठ लावून दोन शेगड्या, आणि पुढचं दार बरोबर त्याच्यासमोर उघडणारं. आत शिरताच विटांची भिंत, डावीकडे एक खोली, उजवीकडे दुसरी. जुनी आरपार वाट गेली. इतिहासकार डब्ल्यू. जी. हॉस्किन्स यांनी १९५३ साली एका गाजलेल्या लेखात १५७० ते १६४० या काळाला ग्रामीण इंग्लंडच्या पुनर्बांधणीचा काळ म्हटलं. नंतरच्या संशोधकांनी या तारखांवर बरेच आक्षेप घेतले, प्रदेशागणिक हा बदल आधी किंवा नंतर झाल्याचं दाखवलं. बदलाची दिशा मात्र कुणी नाकारली नाही.

आणि याचा पुरावा पोटमाळ्यावर असतो. बाहेरून अठराव्या शतकातलं, विटांनी मढवलेलं, नीटनेटकं दिसणारं घर असतं. शिडी लावून पोटमाळ्यावर जावं, बॅटरी मारावी, तर वासे काजळीने काळेकुट्ट. वरच्या खोल्यांच्या छताआड शंभर-दीडशे वर्षांची उघडी चूल दडलेली असते. काजळी फक्त मधल्या दोन खणांवर असेल आणि टोकांचे वासे स्वच्छ असतील, तर दिवाणखाना नेमका कुठून कुठपर्यंत होता हेही कळतं.

वय कसं सांगायचं

लाकडी घरांच्या वयाचा अंदाज पूर्वी सांध्यांच्या आणि नक्षीच्या पद्धतीवरून बांधत. एक सोपी खूण मजल्यांत आहे. मध्ययुगीन सुतार मजल्याच्या कड्या आडव्या, म्हणजे पसरट बाजू खाली करून टाकत. सतराव्या शतकापर्यंत त्या उभ्या बसू लागल्या. तेवढ्याच लाकडात उभी कडी कितीतरी कमी वाकते, हे तोवर अनुभवाने कळलं होतं.

नेमकं साल मात्र वाढीची कडी मोजून मिळतं. ओक दरवर्षी एक कडं धरतो, चांगल्या हवेत रुंद, वाईट हवेत अरुंद. तुळईला बारीक नळी भोसकून काढलेल्या नमुन्यातला रुंद-अरुंद क्रम त्या प्रदेशाच्या ज्ञात क्रमाशी जुळवला, की कोणतं कडं कोणत्या सालचं ते कळतं. सालीखालचा फिका थर पूर्ण उरला असेल, तर झाड कोणत्या वर्षी, कधी कधी कोणत्या ऋतूत तोडलं तेही सांगता येतं. थोडा झिजला असेल तर अंदाज करावा लागतो, कारण इंग्लिश ओकमध्ये या फिक्या थरात साधारण ९ ते ४१ कडी असतात. हे शास्त्र इथे इतकं उपयोगी पडतं, त्याला कारण पुन्हा सुतारांच्या सवयी. लाकूड ओलंच वापरत, म्हणून झाड तोडल्याचं साल म्हणजे जवळजवळ बांधकामाचं साल. लहान झाडं अख्खी वापरत, म्हणून कडांना तो फिका थर शिल्लक राहतो. बे-लीफचा दिवाणखाना पंधराव्या शतकाच्या सुरुवातीचा आणि वरच्या टोकाचा खण सोळाव्याच्या सुरुवातीचा, हे अशाच अभ्यासातून पुढे आलं. सलग दिसणाऱ्या घरात शंभरेक वर्षांचं अंतर आहे.

या पुराव्यापुढे काही लाडक्या कथा टिकत नाहीत. जवळजवळ प्रत्येक गावात एखादी तुळई बुडालेल्या जहाजाची असल्याचं सांगतात. रिकाम्या, निरुद्योगी खाचा हा त्यांचा पुरावा. खरं तर त्या खाचा आधी तिथे असलेल्या आणि नंतर काढलेल्या भिंतीच्या असतात, किंवा ते लाकूड दुसऱ्या घरातून काढून पुन्हा वापरलेलं असतं. चांगला ओक कुणी फेकून देत नसे. काळी लाकडं आणि पांढऱ्या भिंती हे चित्रही बरंचसं एकोणिसाव्या शतकाच्या आवडीतून आलेलं आहे. पश्चिमेकडच्या चेशायर-श्रॉपशायरमध्ये ते विशेष रुजलं. आग्नेय इंग्लंडमध्ये ओक बहुधा तसाच सोडत किंवा भिंतीबरोबर त्यालाही चुना मारत. न रंगवलेला ओक उन्हापावसात रुपेरी करडा होतो.

सगळं इंग्लंड अशाच चौकटीच्या सांगाड्याने बांधलेलं होतं असंही नाही. पश्चिमेला आणि उत्तरेला एकाच वाकड्या झाडाचे दोन उभे भाग करून, ते जमिनीपासून आढ्यापर्यंत कमानीसारखे समोरासमोर उभे करण्याची पद्धत होती. वूस्टरशायरमधलं चौदाव्या शतकातलं लेइ कोर्टचं कोठार हा तिचा सर्वांत मोठा नमुना. आग्नेयेकडे ही पद्धत जवळजवळ दिसतच नाही.

घर कोणत्या सालात ठेवायचं?

बे-लीफ पुन्हा उभं करताना एक प्रश्न होता. चिडिंगस्टोनला होतं तेव्हा त्यात नंतरचं विटांचं धुराडं होतं, टाकलेला मजला होता. संग्रहालयाने ते सगळं गाळलं, हरवलेल्या भागांच्या जागी नवा ओक बसवला आणि घर १५४०च्या सुमाराला असेल तसं मांडलं. त्यामुळे उघडी चूल आणि तिच्याभोवतीचं जगणं आज पाहता येतं. पण त्यासाठी पुढच्या चारशे वर्षांचा इतिहास पुसावा लागला, हेही खरं. कलावंत आणि लेखक विल्यम मॉरिस यांनी १८७७ साली जुन्या इमारतींच्या रक्षणासाठी संस्था स्थापली ती नेमक्या याच वृत्तीला विरोध करायला. जुनी इमारत एका पसंतीच्या काळात परत न्यायची नाही, तिच्यावर साठलेले बदल ठेवायचे आणि फक्त डागडुजी करायची, हा त्या संस्थेचा आग्रह. जागेवरच्या, राहत्या घरांबाबत आज साधारण हेच धोरण पाळलं जातं.

वारसा जपणाऱ्या नॅशनल ट्रस्ट या संस्थेने विकत घेतलेली पहिली इमारतही वील्डन घरच होती, ईस्ट ससेक्समधल्या अल्फ्रिस्टनचं पाद्र्याचं घर. १८९६ साली ते १० पौंडांना मिळालं, अर्थात पडायला झालेल्या अवस्थेत. त्याच्या दिवाणखान्याची जमीन खडूची भुकटी कुटून, वर आंबट दुधाचा हात देऊन केलेली आहे.

या घरांचं मोठं नुकसान विसाव्या शतकातल्या दुरुस्त्यांनी केलं. मातीच्या भिंतींवर सिमेंटचा गिलावा आणि वर पाणी न सोडणारा रंग. सिमेंट लाकडाबरोबर हलत नाही, त्याला केसासारख्या भेगा पडतात, त्यांतून पाणी आत जातं आणि बाहेर यायला वाट उरत नाही. पायथ्याची तुळई आतल्या आत कुजते. ओल धरलेल्या ओकवर घाला घालणारे भुंगेरेही तिथेच घर करतात. उपाय मात्र जुनाच: सिमेंट खरवडून काढायचं, पुन्हा माती आणि चुना वापरायचा, आणि खांबाचा कुजलेला पायच तेवढा कापून नव्या ओकचा तुकडा तिरक्या सांध्याने जोडायचा. बाकीचा खांब जागचा हलवायचाही नाही.

ओक टिकाऊ आहे म्हणून ही घरं टिकली, हे अर्धंच कारण झालं. कितीतरी ओकची घरं कुजून, जळून, पाडून नाहीशी झाली. जी उरली त्यांत धुराडं घालता आलं, मजला टाकता आला, एक खण वाढवता आला, कुजलेला पाय बदलता आला आणि वेळ आली तेव्हा सगळं घरच सोडवून दुसरीकडे नेता आलं. त्यांच्या सुतारांनी प्रत्येक सांधा बाहेर काढता येईल अशा खुंटीवर ठेवला होता. पुढच्या माणसाला हात घालायला जागा ठेवणारं बांधकाम, ही त्यांची खरी कारागिरी.